ब्रिटनमधली नोंदणी तपासा, आजच तपासा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. सासऱ्यांनी तो उभारला आणि गेली 22 वर्षं निर्यातीची कागदपत्रं मी बघते. ब्रिटनशी व्यापार करार झाल्यापासून ‘आता तिकडे शुल्क नाही’ ही चर्चा सोलापुरात घरोघरी ऐकते. म्हणूनच आमचं काय नुकसान झालं, ते इतर कारखानदारांना कळावं असं वाटतं.

सासूबाईंच्या नावावरून आमच्या मालाचं नाव आहे. 2015 च्या एप्रिलमध्ये आम्ही त्याची युरोपात ट्रेडमार्क नोंदणी केली. स्पेनमधल्या अलिकान्ते शहरातलं एकच कार्यालय, 900 युरो शुल्क, आणि त्यात सगळे सदस्य देश आले, तेव्हा ब्रिटनही. 2018 मध्ये टॉवेलच्या किनारीचं एक डिझाइनही नोंदवलं. मालदांडी ज्वारीची कणसं, एक डावीकडे झुकलेलं, एक उजवीकडे. आमच्याकडच्या डिझाइन मास्टरांनी सहा आठवडे बसून त्याचा ग्राफ काढला होता. आज ते हयात नाहीत.

ब्रिटन 31 जानेवारी 2020 ला युरोपीय संघातून बाहेर पडलं आणि त्या वर्षअखेर संक्रमणकाळ, म्हणजे जुने नियम तात्पुरते चालू ठेवलेला काळ, संपला. त्यानंतर ब्रिटनच्या ट्रेडमार्क-डिझाइन कार्यालयाने जवळपास 14 लाख युरोपीय ट्रेडमार्क आणि 7 लाख डिझाइनच्या प्रती आपल्या नोंदवहीत आपणहून आणि फुकट तयार केल्या. हे चांगलंच केलं. मात्र त्याचं प्रमाणपत्र कोणाच्या घरी आलं नाही. आणि त्या दिवसापासून प्रत्येक नोंदणीच्या दोन झाल्या, दोघींचं नूतनीकरण वेगळं, शुल्कही वेगळं. आमच्या जर्मनीतल्या एजंटने युरोपची नोंदणी वेळच्या वेळी नूतनीकृत केली. ब्रिटनचं काम त्यांच्याकडे नव्हतं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

24 जुलै 2025 ला करारावर सह्या झाल्या. त्यानंतर महिनाभरात ब्रिटनमधल्या लेस्टर शहरातल्या एका खरेदीदाराने आमचा ब्रिटनमधला नोंदणी क्रमांक मागितला. ब्रिटिश कार्यालयाच्या संकेतस्थळावर मीच शोधला. ‘यूके 009’ आणि पुढे आमच्या युरोपीय क्रमांकाचे शेवटचे आठ आकडे. सापडला, पण मुदत एप्रिलमध्येच संपलेली. मुदतीनंतर नूतनीकरणासाठी मिळणारी सहा महिन्यांची सवलत अजून शिल्लक होती म्हणून 200 पौंड आणि विलंबाचे 50 भरून नाव वाचलं.

डिझाइन वाचलं नाही. त्याचं पाच वर्षांचं नूतनीकरण 2023 मध्ये होतं. तेव्हा लागले असते 70 पौंड. सवलतीची मुदतही गेली आणि पुनर्स्थापनेची, म्हणजे संपलेली नोंदणी परत चालू करून घेण्याचीही. नव्याने अर्ज करावा, तर डिझाइन ‘नवीन’ लागतं आणि आमची कणसं 2018 पासून दुकानात आहेत. उद्या ब्रिटनमध्ये कोणी तीच किनार विणली, तर ही नोंदणी दाखवून मला त्याला थांबवता येणार नाही. युरोपात ती 25 वर्षांपर्यंत आमची राहू शकते, खाडीपलीकडे नाही. मास्टरांच्या मुलाला हे सांगताना मला फार जड गेलं.

नाव वाचलं तरी दुसरी एक अडचण आहेच. सलग पाच वर्षं वापर नसेल तर कोणीही अर्ज करून ट्रेडमार्क रद्द मागू शकतो. 2021 च्या आधी युरोपात केलेली विक्री ब्रिटनसाठी धरली जायची. 2021 पासूनची पाच वर्षं 31 डिसेंबर 2025 ला पूर्ण झाली, आणि त्या पाच वर्षांत फक्त ब्रिटनमधलाच वापर मोजला जातो. आम्ही 2019 नंतर तिकडे एक गाठोडंही पाठवलेलं नव्हतं. असा अर्ज कोणी करण्याच्या पुरेसं आधी खरीखुरी विक्री सुरू झाली, तर नोंदणी टिकते. म्हणून लेस्टरची पहिली ऑर्डर नफा न बघता घेतली. आणि वाद उद्भवलाच, तर 2024 पासून उत्तर द्यायला ब्रिटनमधला पत्ता लागतो, जर्मनीतला चालत नाही.

युरोपातही नियम बदललेत. 1 मे 2025 पासून डिझाइनच्या पहिल्या नूतनीकरणाचं शुल्क 90 युरोंवरून 150 झालं आहे. आणखी एक, नोंदणी जाहीर होताच सरकारी दिसणारी खोटी बिलं येतात. अलिकान्तेचं कार्यालय स्वतः तसा इशारा देतं. आमच्याकडे तीन आली. पैसे भरण्याआधी एजंटला विचारा.

‘सोलापुरी चादर’ आणि ‘सोलापूर टेरी टॉवेल’ यांना आपल्याकडे भौगोलिक मानांकन आहे. ते गावाच्या नावाचं रक्षण करतं, तुमच्या लेबलचं आणि किनारीचं नाही. जिल्हा उद्योग केंद्राने महिन्यातून एक दिवस जाणकार माणूस बसवावा, निर्यातदारांच्या नोंदण्या त्यांच्यासमोर संगणकावर उघडून तारखा लिहून द्याव्यात. शोध फुकट आहे, एका नोंदणीला दहा मिनिटं पुरतात. आमच्या कारखान्यातला संगणक आणि मी, दोन्ही त्यासाठी दर शनिवारी दुपारी मोकळे आहोत.

आपली,
एक टॉवेल उत्पादक, सोलापूर