स्कॅनच्या साठवणीचा डॅशबोर्ड निवडताना

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

माझं सासर पंचवटीतल्या तीर्थोपाध्यायांचं. सिंहस्थ तोंडावर आला तशी आमच्या ओळखीच्या घरांतून नामावळीच्या, म्हणजे यजमानांच्या कुळांच्या नोंदींच्या, वह्या स्कॅन करून घेण्याची बोलणी पुन्हा सुरू झाली आहेत. 2016 आणि 2019 साली गोदेला पूर आला तेव्हा या वह्यांच्या ट्रंका माडीवर चढवायला मीही होते, त्यामुळे हे काम व्हावं असं मला मनापासून वाटतं. नोकरीत सर्व्हर सांभाळत असल्याने स्कॅन ठेवायचे कुठे, हा प्रश्न हमखास माझ्याकडे येतो.

यजमानांनी विश्वासाने लिहून दिलेली कुळं आणि घरातल्या मृत्यूंच्या नोंदी परक्याच्या सर्व्हरवर नकोत, असं वडीलधारी मंडळी म्हणतात. मलाही ते पटतं. म्हणून आपल्याच यंत्रांवर चालणारं ऑब्जेक्ट स्टोरेज, म्हणजे प्रत्येक फाइल तिच्या नावानिशी साठवणारं सॉफ्टवेअर, हवं. अ‍ॅमेझॉनने 2006 साली आणलेल्या एसथ्री (S3) या साठवण सेवेची भाषा ही सॉफ्टवेअरं बोलतात. अडचण येते ती त्यांचा कारभार ज्या डॅशबोर्डवरून करायचा, तो निवडताना.

एका पुरवठादाराने आमच्याकडे प्रात्यक्षिक दाखवलं. रंगीत आलेख, किती जागा भरली, सेकंदाला किती विनंत्या आल्या, सगळं झकास. मी म्हटलं, स्कॅनिंगला येणाऱ्या मुलासाठी अशी की (सर्व्हर उघडणारी किल्ली) काढून दाखवा, जिने त्याला पानं चढवता येतील, पण एकही पुसता येणार नाही. बराच वेळ शोधाशोध झाली आणि शेवटी उत्तर आलं, मुख्य अ‍ॅडमिनचीच की वापरा ना! आम्ही त्यांना चहा दिला आणि तो विषय तिथेच संपवला.

नुसता पुसण्याचा हक्क काढूनही भागत नाही. समजा एका पानावर वरती बोरूने लिहिलेली मोडीतली ओळ आहे आणि तळाशी त्याच कुळातल्या पणतवाची बॉलपेनची सही. पान दुसऱ्यांदा स्कॅन करताना तिरकं गेलं, सही कापली गेली आणि फाइल त्याच नावाने चढली, की आधीची चांगली प्रत गेलीच. त्यासाठी बकेटवर, म्हणजे फाइली ठेवायच्या कप्प्यावर, व्हर्जनिंग (प्रत्येक आवृत्ती जपून ठेवण्याची सोय) चालू हवं. मग जुनी प्रत खाली शाबूत राहते, आणि कुणी फाइल पुसली तरी वर फक्त पुसल्याची खूण पडते. एखादी ठरावीक जुनी प्रत कायमची काढण्याचा हक्क वेगळा असतो. रोजच्या कामातल्या कुणालाच तो देऊ नये. याला जागा लागते, हे खरं. ए-फोर पान 600 डीपीआयने रंगीत स्कॅन करून न दाबता ठेवलं, तर एकेका प्रतीचे सुमारे 100 एमबी होतात. डिस्क मात्र पुन्हा विकत मिळते.

दुसरी गोष्ट, डॅशबोर्ड आज आहे म्हणून उद्याही असेलच असं नाही. मिनआयओ हे या क्षेत्रातलं फार वापरलं जाणारं नाव. 2025 च्या मे महिन्यात त्याच्या मोफत आवृत्तीच्या डॅशबोर्डमधून वापरकर्ते आणि परवानग्या सांभाळण्याची सोय काढली गेली. उरलं ते फाइली पाहणं. बाकीची कामं कमांड लाइनवरून, म्हणजे हुकूम टाइप करून, करायची. ऑक्टोबरमध्ये तयार डॉकर इमेज (लगेच चालवता येणारी सॉफ्टवेअरची बांधीव प्रत) देणंही थांबलं. म्हणून डॅशबोर्डवर होणारं प्रत्येक काम कमांडनेही करून दाखवायला लावा आणि त्या कमांड मराठीत, कागदावर, वहीत उतरवून ठेवा.

गॅरेज हे सॉफ्टवेअर हलकं आहे, लहान यंत्रांवर छान चालतं. पण त्यात व्हर्जनिंग नाही, आणि लिहिण्याची परवानगी दिली की पुसण्याचीही दिली जाते. बॅकअपची आणखी एक प्रत ठेवायला ते चांगलं, वह्यांच्या मूळ स्कॅनसाठी मी घेणार नाही. सेफ (Ceph) हे असंच दुसरं सॉफ्टवेअर जड आहे, किमान तीन यंत्रं धरून चालावं लागतं, शिकायलाही वेळ लागतो. तरी माझा कौल त्यालाच आहे. त्याचा डॅशबोर्ड सेफचाच भाग आहे, आणि त्यात नुसतं पाहण्याची भूमिका वेगळी देता येते. माझ्या पुतण्याला डिस्क बिघडली का, एवढंच पाहायचं आहे. त्याला तेवढंच दिसावं.

आलेख कितीही सुबक असोत, पैसे देण्याआधी समोर बसून पाहा: मर्यादित की काढता येते का, नव्या प्रतीखाली झाकलेली जुनी प्रत परत येते का, आणि चालू असताना एक डिस्क उपसली तर पानं उघडतात का. डॅशबोर्डचा पत्ता घरच्या नेटवर्कबाहेर उघडा ठेवू नका. मुख्य की लिफाफ्यात सील करून घरातल्या दोघांच्या ताब्यात असावी. वह्या स्कॅन करून घेणाऱ्या प्रत्येक घराने पुरवठादाराशी करार करताना यातली एकेक गोष्ट लेखी मागावी, अशी माझी आपल्या पत्रातून विनंती आहे.

आपली,
एक वाचक, पंचवटी, नाशिक