न्हाणीघराच्या परवानगीत खड्डाही तपासा

संपादक महोदय,

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 52 नुसार गावात बांधकामापूर्वी ग्रामपंचायतीची परवानगी लागते. मात्र जुन्या घरात संडास-न्हाणीघर नव्याने करताना आमच्याकडे चर्चा टाइल्सचीच होते, सांडपाण्याची नाही. वऱ्हाडातील काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाणी अतिशय सावकाश मुरवते. त्यामुळे संडासाचा खड्डा लहान ठेवल्यास तो पावसाळ्यात तुंबतो, आणि विहीर जवळ असेल तर पिण्याचे पाणी दूषित होण्याचा धोका राहतो, जो मला सर्वांत गंभीर वाटतो. ग्रामपंचायतीने विहीर व हातपंपापासूनचे अंतर प्रत्यक्ष मोजूनच परवानगी द्यावी आणि न्हाणीचे पाणी संडासाच्या खड्ड्यात न सोडता स्वतंत्र शोषखड्ड्यात सोडण्याची लेखी अट घालावी. गावातील गवंड्यांनाही ग्रामसभेत हे समजावून सांगावे.

– एक वाचक, जि. अमरावती