लॉगबुकवरचा तळवा

आदरणीय सर,

तुमच्या निरोप समारंभात माईक हातात आला आणि मला दोन वाक्यंही धड बोलता आली नाहीत. म्हणून हे पत्र, सगळ्यांसमोर.

त्या नाइट शिफ्टला मला लायसन्स मिळून जेमतेम तीन महिने झाले होते. पंपाच्या कंपनांचे आकडे पटेनात, म्हणून मी अणुभट्टी हाताने ट्रिप केली, म्हणजे तडकाफडकी बंद केली. दोन-तीन सेकंदांत अणुक्रिया थांबवणारे शटऑफ रॉड खाली गेले. पुढचं गणित कंट्रोल रूममध्ये सगळ्यांना पाठ होतं. जड पाण्याच्या आपल्या भट्टीत अर्ध्याएक तासात पुन्हा सुरुवात झाली नाही, तर न्यूट्रॉन गिळणारा झेनॉन वायू साचतो आणि सुमारे दीड दिवस ती उठत नाही. तेवढी वीज गेली, माझ्या एका बोटामुळे.

अशीच शंका मी पूर्वी एकदा दुसऱ्या शिफ्टमध्ये काढली होती. तेव्हा दोघा ज्येष्ठांनी सगळ्यांदेखत विचारलं होतं, "जनरेशनचं टार्गेट तू भरून देणार का?" ते अजून बोचतं. अणुभट्टीसमोर बसलेल्याला गप्प राहायला शिकवायचं, याला काय म्हणावं?

तुम्ही आलात. बंद झालेल्या भट्टीतूनही सुरुवातीला पूर्ण क्षमतेच्या 6-7 टक्के उष्णता निघतच असते. ती थंड राहतेय ना, हे आधी पाहिलंत. मला आकडे विचारलेत, जाब विचारला नाहीत. मग लॉगबुक. माझा हात इतका थरथरत होता की वेळसुद्धा लिहिता येईना. तुम्ही स्वतः लिहून मोकळे झाला असतात. त्याऐवजी खुर्ची ओढून शेजारी बसलात, पान हलू नये म्हणून वहीवर तळवा दाबून धरलात आणि म्हणालात, "घाईचं काम झालं. आता सावकाश लिही."

नोंद माझ्याच अक्षरात राहिली, सर. तो तळवा मी विसरू शकत नाही.

निकाल लागल्यावर पाठीवर थाप मारायला सगळेच येतात. आधी येणारी माणसं फार थोडी, आणि त्यांच्याच जिवावर आमच्यासारखे रात्री त्या पॅनलसमोर बसू शकतात. अशी माणसं बँकेत असतील, एसटीच्या डेपोत असतील; त्यांची नावं कुठे लागत नाहीत.

परवा ते पान पुन्हा काढून पाहिलं. माझ्या सहीखाली तुमची सही आहे, वेळ पहाटे 3.10. पंपाचं बेअरिंग खरंच गेलं होतं, हे कळलं दुसऱ्या दिवशी दुपारी.

तुमचाच,
त्या रात्रीचा कंट्रोल इंजिनीअर