उणे एक

डिचोली,
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय मनीषा,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर बोलता बोलता तू गप्प झालीस, ते अजून मनातून जात नाही. "मी आजवर कुणाचा एक पैसा बुडवला नाही, तरी बँक मला नाही म्हणते," असं म्हणालीस आणि फोन ठेवलास. मला तेव्हाच खूप बोलायचं होतं, पण तुझी मोपाला ड्युटीवर जायची वेळ झाली होती. म्हणून आज रविवारी, शिवणकाम बाजूला ठेवून लिहायला बसले आहे.

हेच वाक्य मी स्वतः दोन वर्षांपूर्वी म्हटलं होतं. तुला तेव्हा सांगितलं नाही, कारण लाज वाटली होती. २०२४ च्या फेब्रुवारीत मी इंटरलॉक मशीनसाठी कर्ज मागायला गेले. जिथे माझं अकरा वर्षांचं खातं आहे, तीच बँक. तिथल्या बाईंनी माझा पॅन नंबर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. सिबिल स्कोअरच्या, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून मिळणाऱ्या गुणांच्या, जागी लिहिलं होतं उणे एक. मला वाटलं, आपल्या नावावर काहीतरी थकलंय. घामच फुटला. त्या म्हणाल्या, "थकलेलं काही नाही. तुमच्याबद्दल काही लिहिलेलंच नाही."

मनीषा, उणे एक म्हणजे वाईट गुण नव्हे, कोरं पान. स्कोअर ३०० ते ९०० असतो आणि तो मोजायला आधी कुठलं तरी कर्ज किंवा क्रेडिट कार्ड नावावर लागतं. मी दर महिन्याला भिशी न चुकता भरते, पिग्मीवाल्या काकांना रोज पन्नास रुपये देते, विजेचं बिल कधी उशिरा भरलं नाही, दोरे-चेन-अस्तर सगळं यूपीआयने घेते. यातलं काहीच तिथे दिसत नाही. भिशी दिसत नाही, बचत दिसत नाही. दिसतं ते फक्त घेतलेलं आणि फेडलेलं. तुझंही तेच झालंय. तुझा खरेपणा त्यांनी नाकारलेला नाही, तो त्यांच्यापर्यंत पोचलेलाच नाही.

आमच्या घरात कर्ज हा शब्द का उच्चारत नाहीत, ते तुला ठाऊक आहे. बाबांनी २०१० साली कर्ज काढून ट्रक घेतला. खाणीवरून आमोणाच्या जेटीपर्यंत माल न्यायचा, दिवसाला जमतील तितक्या खेपा. दोन वर्षं हप्ते नीट गेले. मग सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या आणि ट्रक दारात उभा राहिला. पावसाळ्यात त्याच्या हौद्यात पाणी साचायचं, त्यात पाचोळा कुजायचा, आणि बाबा ते काढायला जायचे नाहीत. खिडकीतून नुसते बघायचे. आईच्या पाटल्या त्याच वर्षी गेल्या. शेवटी कर्ज देणाऱ्या कंपनीशी तडजोड होऊन कमी पैशांत खातं बंद झालं. पुढे कळलं की अशा खात्यावर "सेटल्ड" असा शेरा पडतो, आणि बँका त्याचा अर्थ पूर्ण फेडलं नाही असाच घेतात. ते सगळं डोळ्यांनी पाहिलेली मी कशाला कुणाकडून काही उधार घेईन? म्हणून माझं पान कोरं राहिलं. बाबांना मी कधीच दोष देणार नाही. पण त्यांच्या भीतीने माझंही दार बंद झालं होतं, हे मला त्या स्क्रीनसमोर कळलं.

आता मी काय केलं ते सांगते, कारण तुलाही तेच करावं लागेल असं वाटतं.

त्या बँकेच्या बाईंनीच वाट दाखवली. मुदत ठेव ठेवायची आणि तिच्यावर कार्ड घ्यायचं. मी वीस हजारांची एफडी केली, त्यावर अठरा हजारांच्या मर्यादेचं कार्ड मिळालं. पगाराची स्लिप मागितली नाही, उत्पन्नाचा दाखला नाही. माझ्यासारख्या घरी शिवणाऱ्या बाईला हे फार मोठं वाटलं. ठेवीवर व्याज चालू राहतं, फक्त कार्ड असेपर्यंत ती मोडता येत नाही, आणि आपण पैसे बुडवले तर बँक त्यातून वळते करून घेते. बँकेला धोका नाही, म्हणून ती नाही म्हणत नाही. कार्डावर मात्र हे कुठे लिहिलेलं नसतं. दुकानदाराला ते बाकी कार्डांसारखंच, आणि त्याची नोंदही बाकी कार्डांसारखीच सिबिलकडे जाते. तुझी नोकरी कंत्राटी, दर अकरा महिन्यांनी नवा कागद. तुला हाच रस्ता सरळ पडेल.

एक कळकळीने सांगते. तू एका आठवड्यात तीन ठिकाणी अर्ज केलेस ना? आता थांब. प्रत्येक अर्जाला बँक तुझा रिपोर्ट मागवते आणि ती विचारणाही नोंदली जाते. कोऱ्या पानावर नुसत्या विचारणाच दिसल्या तर पुढची बँक बिचकते. तुझ्या सहकाऱ्याचा तो ओळखीचा माणूस, जो दोन हजारांत सिबिल वाढवून देतो म्हणतो, त्याला पैसे देऊ नकोस आणि ओटीपी तर मुळीच सांगू नकोस. असं कुणी वाढवून देऊ शकत नाही.

आणि आधी स्वतःचा रिपोर्ट काढ. आपल्याकडे कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत, सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. चौघींनाही वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो. तुझ्या बाबतीत मला नावाची शंका आहे. तुमच्या जुन्या कागदांवर आडनाव पोर्तुगीज वळणाने लिहिलेलं आहे, आधारवर वेगळं आणि पॅनवर तिसरंच. कॉलेजच्या मार्कलिस्टच्या वेळी साखळीला आपण किती खेटे घातले होते, आठवतं? तसं पुन्हा व्हायला नको. पॅन आणि आधारवरचं नाव एक करून घे, मगच ठेव ठेव.

याच वर्षी सरकारने लोकसभेत सांगितलं की, पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ जुनी नोंद नाही म्हणून फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना कळवलं आहे. ऐकून बरं वाटलं. पण शेवटचा निर्णय बँकेचाच असतो, म्हणून मी त्या भरवशावर बसायला सांगणार नाही.

कार्ड आल्यावर मी त्याने मोबाइलचा रिचार्ज, विजेचं बिल आणि म्हापशाहून आणायचे दोरे, एवढंच घ्यायचे. रुपे कार्ड असल्यामुळे ते यूपीआयला जोडता आलं, दुकानातल्या क्यूआरवरच चालतं. महिन्याला दोन-अडीच हजार, त्याहून जास्त नाही. बिल बारा तारखेला निघतं, दोन तारखेच्या आत भरायचं. मी खात्यातून पूर्ण रक्कम आपोआप जाईल असं करून ठेवलं आणि तेरा तारखेलाच तेवढे पैसे बाजूला काढायला लागले. सहा महिन्यांनी पहिला स्कोअर आला, ७३८. बाबांना दाखवला. चष्मा लावून ते बराच वेळ मोबाइलकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे आता तुझं नाव चांगलं लिहिलंय." मला रडू आवरलं नाही.

पण या वर्षी चवथीला मी चुकता चुकता वाचले, ते तुला मुद्दाम सांगते. ऑर्डरी खूप आल्या होत्या, एकदम पंधरा हजारांचं कापड कार्डावर घेतलं. बिल आलं तेव्हा गिऱ्हाइकांचे पैसे यायचे होते. बिलावर ठळक अक्षरांत होतं, किमान देय रक्कम ७५० रुपये. सातशे पन्नास भरले की दंड नाही, फोन नाही. मन तिकडे ओढलं गेलं. मग रात्री वही घेऊन बसले. माझ्या कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के व्याज, म्हणजे पंधरा हजारांवर ५२५ रुपये. त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी, साधारण ९५. झाले ६२०. म्हणजे मी भरलेल्या साडेसातशेंतले फक्त १३० रुपये मूळ रकमेतून कमी होणार! वर थकबाकी राहिली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. मला दारातला ट्रक आठवला. सकाळी उठून सहा घरी गेले, अर्धे पैसे आगाऊ मागितले आणि पूर्ण बिल भरलं. तरी त्या महिन्यात स्कोअर ७६४ वरून ७२९ वर आला, कारण मर्यादेच्या ८० टक्क्यांहून जास्त वापर झाला होता. ३० टक्क्यांच्या आत ठेवलेलं बरं, म्हणजे अठरा हजारांवर पाच हजार चारशेंपर्यंत. दोन महिन्यांत तो पुन्हा वर गेला.

एटीएममधून त्या कार्डाने पैसे मात्र कधी काढू नकोस. शुल्क वेगळं आणि व्याज त्याच क्षणापासून. घरात कुणाला बरं नसेल, रात्री अपरात्री गरज पडली, तर मला फोन कर.

दिवाळीआधी इंटरलॉक मशीन आलं. त्याच बँकेतून, त्याच टेबलावरून. पहिले दोन ब्लाउज आईचे शिवले.

येत्या शुक्रवारी तुला सुट्टी आहे असं म्हणाली होतीस. मीही बाजाराला म्हापशाला येते आहे. सकाळच्या कदंबने ये, आपण साडेनऊला स्टँडवर भेटू. पॅन, आधार, पासबुक आणि दोन फोटो आण. वीस नाही जमले तर दहा हजारांची ठेवही चालेल का, ते शाखेत दोघी मिळून विचारू. बाजार नंतर करू.

काकांना, काकूंना माझा नमस्कार. छोट्याला गोड पापा.

तुझीच,
सुजाता