आज वार कोणता?

नाशिक,
रविवार

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

'इगतपुरीला जाऊ का? तुला काय मिळालं तिथे?' असं तू परवा फोनवर विचारलंस. तेव्हा धड सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसलोय.

धम्मगिरीत, म्हणजे तिथल्या विपश्यना ध्यानाच्या केंद्रात, दहा दिवसांचं शिबिर असतं. दहाव्या दिवसापर्यंत मौन, पहाटे 4 ला घंटा होते, संध्याकाळी ही साधना शिकवणाऱ्या गोएंका गुरुजींचं रेकॉर्ड केलेलं प्रवचन. पहिले तीन दिवस फक्त आनापान. नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास नुसता बघायचा. लांब असला तर लांब, आखूड असला तर आखूड. आपण तो बदलायचा नाही. मन पळालं की न चिडता परत आणायचं. घरी आल्यावर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगतात. माझी संध्याकाळची बैठक आईच्या आजारपणात सुटली, त्याची मला खंत आहे.

पण एक गोष्ट टिकली. तीच तुला सांगायची आहे.

आईला हल्ली काही लक्षात राहत नाही. दिवसातून वीस-पंचवीस वेळा विचारते, 'आज वार कोणता रे?' मी मोबाइलमधून मान वर न काढता सांगायचो. पाचव्या-सहाव्या वेळी आवाज चढायचा. गेल्या महिन्यात आमटीला फोडणी देत होतो, मोहरी तडतडत होती, तेवढ्यात तिनं विचारलं. जबडा आवळला गेलेला आधी जाणवला, मग श्वास. आखूड, छातीतच अडकलेला. दोन श्वास तसेच बघितले. गॅस बंद केला आणि तिच्याकडे वळलो.

पदराचं टोक तिनं मुठीत गच्च धरलं होतं. नजर माझ्या तोंडाकडे. मंदार, तिला वार नको होता रे. ती घाबरली होती. दोन वर्षं मी रोज उत्तर देत होतो आणि हे मला एकदाही दिसलं नव्हतं.

आता हात पुसून तिच्याजवळ बसतो. 'गुरुवार, आई.' ती म्हणते, 'मग आज उपास माझा.' मूठ हळूहळू सैल होते. रोज जमत नाही. कालच ओरडलो तिच्यावर, आणि रात्री झोप लागली नाही.

तू जाच. अर्ज लवकर भर, आणि परतल्यावर दुसऱ्याच दिवशी कामावर हजर होऊ नकोस. इगतपुरीहून नाशिक तासाभराचं, सरळ घरी ये. आई तुला ओळखेल की नाही सांगता येत नाही, पण वार नक्की विचारेल.

तुझा,
अविनाश