काचेवरची पांढरी पट्टी

काका, सादर नमस्कार.

गेल्या वर्षी ठाण्याच्या तुमच्या शोभेच्या माशांच्या दुकानात बाप-लेक आले होते, आठवत असेल. मुलगी नऊ वर्षांची, हातात माशांच्या चित्रांची वही आणि त्यातल्या पाच चित्रांवर फुली मारलेली. ते आम्ही.

त्याआधी पंधरा दिवस आम्ही दुसऱ्या एका दुकानातून दोन फुटी टाकी, खारं पाणी करायचं मीठ आणि पाच समुद्री मासे एकाच दिवशी आणले होते. जेमतेम साठ लिटर पाण्यात त्या माणसाने आम्हाला निळा टँग दिला. हा मासा वाढून फूटभर होतो, त्याला पोहायला लांबच लांब जागा लागते. सोबत तीन डॅमसेल, ते पहिल्या रात्रीपासून एकमेकांच्या अंगावर. आणि एक मँडरिन. तो दगडांवरचे बारीक जिवंत जीव टिपून जगतो, आमच्या कोऱ्या टाकीत त्याच्या पोटात घालायला काहीच नव्हतं. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. "मीठ विरघळलं की सोडा," एवढंच. सहाव्या दिवशी टाकी रिकामी झाली. फोन केला तर म्हणाला, "तुम्ही जास्त खायला घातलं असेल." खायला घालायची ती माझी पोर. तेव्हापासून तिला वाटत होतं, मासे आपल्यामुळे मेले. त्याचा राग अजून गेलेला नाही माझा.

तुम्ही कोणता मासा हवा ते विचारलंच नाहीत. टाकी किती लिटरची, पाणी किती दिवसांचं, हे विचारलंत. मग स्टूल ओढून तिच्यासमोर बसलात. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो पचवणारे जिवाणू टाकीत वाढायला महिना-सव्वा महिना लागतो, ते नव्हते म्हणून मासे गेले. "बाळा, तुझी काही चूक नव्हती." हे तिला त्या वेळी मीही हजारदा सांगत होतो, पण पटलं ते तुमच्या तोंडून.

तिला समुद्रघोडा हवा होता. आधीच्या दुकानदाराने "मागे ठेवलाय, देतो" असं हळूच सांगितलं होतं. २००१ पासून त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि तो पकडणं-विकणं गुन्हा आहे, हे तुम्ही तिला समजावलंत. मग एवढ्याशा टाकीत सुखाने राहतील असे तीनच जीव दाखवलेत: टाकीतच जन्मलेली क्लाउनफिशची जोडी आणि एक पिवळा गोबी. तिच्यासमोर त्यांना खायला घातलंत. "खाताना बघितल्याशिवाय मासा घ्यायचा नाही," म्हणालात. आणि त्या दिवशी एकही मासा दिला नाहीत.

तिचा चेहरा पडलेला बघून तुम्ही गल्ल्यातून पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा फाडलात, पेनाने त्यावर लिहिलंत, "छोट्या ताईंचे", आणि त्या टाकीच्या काचेवर लावलात. आगाऊ पैसे घेतले नाहीत, नंबरही विचारला नाहीत. पाच आठवडे ते मासे तुम्ही सांभाळलेत, खाऊ घातलेत. मधे एका गिऱ्हाइकाने जास्त पैसे देऊ केले होते म्हणे, हे तुमच्या पोऱ्याकडून कळलं, तुम्ही बोलला नाहीत.

माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं. दारात आलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत पाठवायचं तर छातीत काय दम लागतो, ते मी जवळून पाहिलंय. आपल्याकडे अशा माणसांची बातमी होत नाही. संध्याकाळी शटर ओढून ती मुकाट घरी जातात.

गोबीला आता सोबत मिळालीय, तुम्हीच दिलेली पिस्तुल कोळंबी. ती दिवसभर वाळू उपसत बीळ खोदते आणि तिची एक मिशी कायम गोबीच्या शेपटीला टेकलेली असते. तिला नीट दिसत नाही, पहारा तो देतो. शेपूट थरथरली की दोघं आत. मुलगी शाळेतून आली की दप्तर पाठीवर तसंच ठेवून हे बघत उभी राहते. पाणी आटलं की आरओचं साधं पाणी तीच घालते. "मीठ उडून जात नाही, पाणीच जातं," हे तुमचं वाक्य ती आजीलाही ऐकवते.

ती पट्टी आमच्या काचेवर आहे. शाई फिकी झालीय, पण काढू देत नाही.

आणि एक. क्लाउनच्या जोडीतली मोठी ती मादी, असं तुम्ही म्हणाला होतात. गेले चार दिवस दोघं मिळून एकच दगड चोचावून चोचावून साफ करताहेत, अंडी घालायची तयारी असावी. रविवारी सकाळी येतो. घ्यायचं काही नाही, तिला तुम्हाला हे स्वतः सांगायचंय.

तुमचा,
छोट्या ताईंचा बाबा