शेती पाहिजे, पण शेतकरी नको?

ता. औसा, जि. लातूर
३० नोव्हेंबर २०२५

प्रिय विलास,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर भाचीच्या स्थळाचं बोललास. "शेती असली तर उत्तम, पण पोरगा शेती करणारा नको, नोकरीवाला बघ," म्हणालास. मी नुसतं "बघतो" म्हणालो. गाडी चालवता चालवता बोलायचा हा विषय नव्हता.

माझ्या बघण्यात एक पोरगा आहे, शेजारच्याच गावचा. बी.एस्सी. अॅग्री झालाय. सोयाबीन, तूर आहेच, शिवाय एकरभर तुती लावून रेशीम करतो. चॉकीतून, म्हणजे बारक्या अळ्या वाढवून देणाऱ्या केंद्रातून, आणलेल्या अळ्या तीनेक आठवड्यांत कोषावर येतात, मग कोष घेऊन जालन्याचा बाजार गाठायचा. गेल्या वर्षी त्याच्यासाठी मुलगी बघायला मीही गेलो होतो. पोहे झाले. मुलीच्या वडिलांनी सातबारा विचारला, विहिरीला पाणी किती दिवस टिकतं ते विचारलं, सगळं पसंत पडलं. मग म्हणाले, "ते ठीकय, पण पोरगा करतो काय?" आम्ही म्हणालो, शेती. "ती झाली हो. करतो काय?"

विलास, तो माणूस स्वतः सोयाबीनच्या थप्पीला टेकून बसला होता. घरात पिढ्यान्‌पिढ्या शेतीच. परत येताना पोरगा चकार शब्द बोलला नाही. अळ्यांना संध्याकाळचा पाला टाकायला उशीर होतोय, एवढंच एकदा म्हणाला.

मला त्या माणसाचा राग नाही आला, पण फार वाईट वाटलं. "नीट शीक, नाहीतर ढोरं वळशील" हे आपल्या घराघरांत लेकरांना सांगितलं गेलंय. पुण्या-मुंबईच्या लोकांनी शेतकऱ्याला हलकं लेखायच्या आधी ते आपल्याच ओसरीवर सुरू झालं. आणि शहरातलं तू सांगितलंसच: तुझ्या सोसायटीत म्हणतात, यांना टॅक्स नाही, वर कर्जमाफी. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही हे खरंय. पण फवारणीच्या औषधावर १८ टक्के जीएसटी मी देतो, खतावर ५ टक्के, आणि दुकानदाराला मिळते तशी त्याची वजावट मला कुठंच मिळत नाही.

यंदाचं सोयाबीन बघ. हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. पण सरकारी खरेदी केंद्रावर दाण्यातला ओलावा १२ टक्क्यांच्या आत पाहिजे. सप्टेंबरात मांजरा-तेरणेला पूर आला, शेंगा शिवारातच भिजल्या. तो माल १२ वर आणायचा तर ऊन पाहिजे, ताडपत्री पाहिजे आणि देणेकऱ्यानं तेवढं थांबलं पाहिजे. आमच्या गल्लीतल्या एकानं चार दिवस वाळवून नेलं. मापाड्यानं गोणीत हात घातला, मूठभर दाणे यंत्रात टाकले, आकडा १४ वर थांबला. गडी तिथूनच आडतीकडं वळला आणि मिळेल त्या भावात माल घालून आला. मे महिन्यात सरकारनं कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणलं. तेल स्वस्त व्हावं हे मलाही पटतं, घरात तेल आम्हीही विकतच आणतो. पण बाहेरचं तेल स्वस्त आलं की आमच्या सोयाबीनचा भाव दबतो. त्या स्वस्ताईची किंमत कोण मोजतो, हे तुमच्याकडं कुणी विचारत नाही, याचं दुःख होतं. तुझे मित्र हुरडा खायला येतात तेव्हा त्यांना सांग, आगटीपाशी फोटो जरूर काढा, पण एकदा ज्वारीचा खर्च आणि भावही विचारा. आम्ही रुपया-पैशात सांगू.

आता भाचीचं. तुझी भीती खोटी नाही. पैसा हंगामी असतो, आणि बाईमाणसाचं तर मरण असतं: खुरपणी तिची, वेचणी तिची, धारा तिच्या आणि सातबारावर नाव नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून. तशी अट तू आधीच घाल, मी तुझ्या बाजूनं बोलेन. पण नोकरी म्हणजे सुरक्षित हेही धरून चालू नकोस. आपल्याकडची किती पोरं निव्वळ लग्न जमावं म्हणून चाकणच्या कारखान्यांत कंत्राटी कामावर गेलीत आणि इकडं रान बटईनं, म्हणजे वाट्यानं, दुसऱ्याला कसायला दिलंय, ते तुला माहीत आहेच. कंत्राट संपलं की काय, हे कुठल्याच बैठकीत निघत नाही.

येळवस, म्हणजे आपली वेळ अमावास्या, जवळ आलीय. भाचीला आणि ताईला घेऊन ये. भज्जी, आंबील, उंडे सगळं असेल. तो पोरगाही आमच्या रानात येईल. त्याला यातलं काही बोललेलो नाही. तिनं तुतीचं रान बघावं, रेशमाचं शेड बघावं, त्याच्याशी मोकळेपणानं बोलावं. नको वाटलं तर विषय तिथंच संपला. तिला काय वाटतं हे तू अजून एकदाही सांगितलेलं नाहीस, ते मात्र यायच्या आधी विचारून घे.

तुझा,
दत्ता